अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेसर लिंक: दोन हिवाळे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या टेरी टॉवेल कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो, त्याच्या दोन इमारतींमध्ये ६४० मीटरचे अंतर आहे. एका इमारतीत विणकाम आणि कार्यालय, तर दुसरीत डाइंग (रंगाई), शिलाई, पॅकिंग आणि गोदाम आहे. मध्ये रस्ता, नाला आणि इतरांचे सात-आठ प्लॉट आहेत. पूर्वी जमिनीखालून टाकलेली फायबर केबल या दोन इमारतींना जोडत असे. तीन वर्षांत ती पाच वेळा रस्त्याच्या किंवा नाल्याच्या खोदकामात तुटली आणि प्रत्येक वेळी जोड देईपर्यंत ऑर्डरचे तपशील पेनड्राइव्हमध्ये घालून मोटारसायकलवरून पाठवावे लागले. शेवटी मागच्या वर्षाआधीच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोन्ही गच्च्यांवर बिनतारी प्रकाशीय संदेशवहनाची, म्हणजे बोलीभाषेत लेसर लिंकची, यंत्रे बसवली. त्याला आता १६ महिने झाले. विक्रेत्याविषयी माझ्या तक्रारी आहेत, म्हणून त्याचे आणि यंत्राचे नाव देत नाही. शिवाय या वर्गातील बहुतेक यंत्रे सोलापूरच्या हवेत थोड्याफार फरकाने अशीच वागतील.

प्रत्येक गच्चीवर टपालपेटीएवढी एक पांढरी पेटी आहे. तिच्या काचेमागून ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचे चार झोत निघतात आणि समोरून येणारा प्रकाश मधले मोठे भिंग गोळा करते. वेग दोन्ही दिशांना सेकंदाला १ गिगाबिट आहे. खोदाई लागत नाही, आणि आसपासच्या वाय-फायच्या गर्दीचा या झोतांवर काहीही परिणाम होत नाही. कल्पना मात्र नवी नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८० मध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावर आवाज वाहून नेणारा फोटोफोन तयार केला आणि वॉशिंग्टनमध्ये सुमारे २१३ मीटर अंतरापर्यंत बोलणे पोचवले. टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध आहे, असे तो मानत असे. परंतु ढग आडवा आला की त्याचे बोलणे थांबत असणार. सूर्याची जागा लेसरने घेतली तरी हवेशी असलेला हिशेब अजून मिटलेला नाही, आणि या परीक्षणाचा विषय प्रामुख्याने तोच आहे.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक आकडा अंतराचा असतो: ‘२ किलोमीटरपर्यंत’. या आकड्याकडे ग्राहकाने पाहूच नये, असे माझे आता मत झाले आहे. आपल्या नेमक्या अंतरावर, स्वच्छ हवेत, गरजेपेक्षा किती जास्त प्रकाश पोचतो, हे विचारावे. या शिलकीला मार्जिन म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल शिल्लक म्हणजे प्रकाश दहा पटींनी घटला तरी चालेल, ३० डेसिबल म्हणजे हजार पटींनी घटला तरी चालेल. आमच्याकडे ती ३०च्या आसपास आहे. पाऊस, धुके, धूळ, मळलेली काच हे सगळे याच एका खात्यातून उचल करतात, आणि खाते रिकामे झाले की लिंक बंद पडते.

खरेदीच्या बैठकीत आमच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. “पाऊस आला की घरी टीव्हीचा डिश बंद पडतो, तसं हे होणार नाही ना?” असे त्यांनी विचारले, तेव्हा विक्रेत्याच्या प्रतिनिधीने ‘होणार नाही’ असे छातीठोकपणे सांगितले, कारण मात्र त्याला देता आले नाही. कारण असे आहे की प्रकाशाची सर्वाधिक वाट लावतात ते त्याच्या तरंगलांबीशी तुल्य आकाराचे कण. पावसाचा थेंब एखाद्या मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा, म्हणजे आमच्या झोताच्या तरंगलांबीच्या हजारपटीहून अधिक असतो, आणि असे थेंब हवेत तुलनेने विरळ असतात. धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरचे, परंतु अगणित असतात. डिशकडे येणाऱ्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या असल्याने त्यांचे गणित उलटे आहे: त्या धुक्यातून सहज जातात आणि मुसळधार पावसात क्षीण होतात. रूढ सूत्रांनुसार तासाला २५ मिलिमीटर वेगाने पडणाऱ्या पावसात प्रकाशाचे किलोमीटरमागे ९ ते १० डेसिबल नुकसान होते. आमच्या अंतरावर ते ६ डेसिबल भरते. तासाला १०० मिलिमीटर, म्हणजे रस्त्यावरचे दिवे दिसेनासे करणारा पाऊस धरला, तरी आकडा १५च्या आसपास राहतो.

प्रत्यक्षातही तसेच घडले. सोलापूर पर्जन्यछायेतले, वर्षाची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि सगळा भर सप्टेंबरवर. (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी ढगांत बीजारोपणाचे प्रयोग सोलापूर परिसरात केले, त्याला ही पर्जन्यछायाच कारण होती.) सप्टेंबरच्या एका संध्याकाळी तासभर असा पाऊस झाला की नाला रस्त्यावर आला, शिल्लक निम्म्यावर उतरली, पण लिंक तुटली नाही. तुटली ती मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्या सरीत, आणि तीही प्रकाशामुळे नव्हे. गच्चीवरून सर्व्हर खोलीत येणारी तांब्याची केबल जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्याने निकामी झाली आणि सोबत यंत्राचा पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जागा, घेऊन गेली. विक्रेत्याने सेवा-नोंदीत कारण लिहिले, ‘खराब हवामान’. गच्चीपर्यंत फायबर आणि वीजपुरवठ्याला विजेचा झटका अडवणारा स्वतंत्र सर्ज संरक्षक बसवणे ही त्याने पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट होती. आम्ही ती आमच्या खर्चाने नंतर केली.

माझी खरी शिकवणी त्याआधी एप्रिलमध्ये झाली होती. आकाश निरभ्र, दृश्यमानता कित्येक किलोमीटर, यंत्राच्या पडद्यावर प्रकाशाची पातळी भरपूर. आणि तरीही सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत गोदामातून तक्रारी येऊ लागल्या. फोनवरचे बोलणे तुटत होते, साठ्याची नोंद करताना पडदा अडकत होता, कॅमेऱ्यांची चित्रे थबकत होती. विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने दूरवरून पातळी पाहिली आणि ‘लिंक उत्तम आहे, दोष तुमच्या स्विचमध्ये आहे’ असा निर्वाळा दिला. त्यावर विश्वास ठेवून आम्ही एक स्विच, म्हणजे संगणकांना जाळ्यात जोडणारे यंत्र, बदललादेखील. अखेरीस मी दोन आठवडे दर मिनिटाला हरवणाऱ्या पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, संख्या नोंदवली आणि तासवार आलेख काढला, तेव्हा त्याचा आकार दिवसभरातल्या उन्हाच्या तीव्रतेच्या आलेखासारखा निघाला: सूर्योदयानंतर चढत जाणारा, एक-दोनच्या सुमारास शिखरावर पोचणारा आणि सूर्यास्ताच्या वेळी जवळजवळ शून्यावर येणारा.

उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी हलल्यासारखे जे दिसते, त्याच प्रकाराचा हा परिणाम आहे. तापलेल्या पृष्ठभागावरून गरम हवेचे लहानमोठे लोट वर येतात, प्रत्येक लोट क्षीण भिंगासारखा प्रकाश किंचित वळवतो, आणि प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगावर पडणारा झोत सेकंदाला कित्येक वेळा कमी-जास्त होतो. आकाशातले तारे लुकलुकतात तेही यामुळेच. एका सेकंदाची सरासरी घेतली तर प्रकाश पुरेसा असतो, म्हणून पडद्यावर सारे ठीक दिसते. परंतु गिगाबिट वेगाने चालणाऱ्या लिंकवर दोन-तीन मिलिसेकंदांची खोल घसरणसुद्धा शेकडो पॅकेटे गिळते. आमचा झोत नाल्यापलीकडच्या तीन कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांवरून जात होता, आणि त्यांतील एका छपराच्या कण्यापासून तो जेमतेम दोन मीटर उंच होता. पारा ४२-४३ अंशांवर असताना त्या पत्र्यावरची हवा काय करत असेल, हे सोलापूरच्या दुपारी पत्र्याखाली बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

उपाय म्हणून विक्रेत्याने चार मीटर उंचीचा लोखंडी खांब सुचवला. उंची वाढवणे योग्यच होते, कारण हवेची खळबळ जमिनीपासून आणि छपरापासून वर जावे तशी कमी होते. खांब मात्र अयोग्य होता. यंत्राचा झोत २ मिलिरेडियन कोनात पसरतो, म्हणजे समोरच्या इमारतीवर त्याचे वर्तुळ सुमारे १.३ मीटर व्यासाचे असते. खांबाचे टोक एका मिलिरेडियनने जरी कलले, तरी झोत पलीकडे ६४ सेंटिमीटर सरकतो आणि तो गोळा करणारे भिंग वर्तुळाच्या काठाशी येते. वाऱ्याने खांब हलत असे, आणि सकाळी पूर्वेकडून व दुपारनंतर पश्चिमेकडून तापल्यामुळे तो दिवसभरात किंचित वाकतही असे. तीन आठवड्यांत आम्ही तो काढला आणि पेटी जिन्याच्या खोलीवरच्या पाण्याच्या टाकीलगत, आरसीसी स्लॅबमध्ये बोल्ट घालून बसवली. पलीकडच्या बाजूलाही तसेच केले. दुपारची गळती त्यानंतर पूर्ण थांबली नाही. मात्र फोनवरचे बोलणे तुटण्याइतकी ती उरली नाही. चार झोतांच्या यंत्रासाठी मोजलेले जादा पैसे येथे वसूल झाले असे मी मानतो, कारण चार झोत हवेच्या थोड्या वेगळ्या वाटांनी जातात आणि चारही एकाच क्षणी मंदावण्याची शक्यता कमी असते. स्वयंचलित दिशा-जुळणी असलेले यंत्र घेतले असते, तर खांबाचाही प्रश्न सुटला असता. त्याची किंमत आमच्या आवाक्यात नव्हती.

धुक्याविषयी मी निष्काळजी होतो, हे कबूल केले पाहिजे. सोलापूरला कसले धुके, असे मलाही वाटत होते. पहिल्याच जानेवारीत सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान लिंक पाच-सहा वेळा पूर्ण बंद पडली, आणि त्यांतील दोनच दिवशी नाल्यावर खरोखर धुके होते. बाकीच्या दिवसांचा उलगडा आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनमामांनी केला. “सायेब, लेसर-बिसर मला काय कळत न्हाई, पण सकाळी डाइंगची वाफ हिकडनंच जाती,” असे म्हणून त्यांनी बोट दाखवले. डाइंग विभागाच्या छपरातून निघणारी वाफ उन्हाळ्यात क्षणात विरते. थंड, वारा पडलेल्या सकाळी मात्र ती पांढऱ्या थेंबांच्या पट्ट्यासारखी छपरालगत रेंगाळते आणि पेटीच्या अगदी समोरून वाहते. प्रकाशाच्या दृष्टीने ते धुकेच. आमचे धुके आम्हीच तयार करत होतो. विक्रेत्याच्या माणसाने जागेची पाहणी नोव्हेंबरातल्या एका दुपारी तीन वाजता केली होती, त्यामुळे त्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात पेटी टाकीलगत हलवताना ती वाफेच्या वाटेतूनही बाजूला गेली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात असे प्रसंग फक्त दोनदा आले. दोन्ही वेळा धुके खरे होते.

खऱ्या धुक्याचा हिशेब सोपा आहे. दृश्यमानता ५०० मीटर असेल तर नुकसान किलोमीटरमागे सुमारे ३४ डेसिबल होते, आमच्या अंतरावर २२; लिंक तग धरते. दृश्यमानता साडेतीनशे मीटरच्या खाली गेली की ३० डेसिबलची शिल्लक संपते. समोरची इमारत डोळ्यांना दिसेनाशी होऊन आणखी बरेच दाटले, तरच आमची लिंक तुटते, असे व्यवहारात म्हणता येईल. हेच अंतर दोन किलोमीटर असते तर पाचशे मीटर दृश्यमानतेला ६८ डेसिबल लागले असते, म्हणजे माहितीपत्रकातला ठळक आकडा फक्त स्वच्छ दिवसांपुरता खरा आहे. त्याच माहितीपत्रकात महागड्या प्रकाराविषयी ‘१५५० नॅनोमीटरचा प्रकाश धुके भेदतो’ असेही छापले होते. विरळ धुरकटपणात त्या तरंगलांबीचा थोडा फायदा होतो, आणि डोळ्यांच्या सुरक्षेच्या मर्यादेत अधिक शक्तीही वापरता येते, कारण तो प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोचण्याआधीच शोषला जातो. दाट धुक्यात मात्र ८५० आणि १५५० यांत काही फरक राहत नाही. महाबळेश्वरात जुलैमध्ये ढगच जमिनीला टेकतो, तेथे मी हे यंत्र फुकट मिळाले तरी बसवणार नाही. उत्तर भारतातल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याविषयीही तेच म्हणेन.

आमच्या इमारती जवळपास पूर्व-पश्चिम रेषेत आहेत, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरात विषुवदिनाच्या आसपास तीन-चार दिवस उगवता सूर्य थेट पश्चिमेकडच्या पेटीच्या भिंगात येतो आणि काही मिनिटे लिंक आंधळी होते. इस्रोने मार्च २०२१ मध्ये जाहीर केलेला, अहमदाबादेतला ३०० मीटर अंतराचा क्वांटम संदेशवहनाचा प्रयोग सूर्यप्रकाशाचा अडथळा टाळण्यासाठी रात्री केला होता; आम्हाला चार-पाच मिनिटे सोसायला हरकत नाही. दिवाळीच्या रात्री धुराने दोन-तीन डेसिबल गेले. घारी आणि कबुतरे झोतातून जातात, चार झोतांमुळे ते कळतही नाही.

काच मळणे हा त्रास कोणत्याही माहितीपत्रकात नाही. मे महिन्यातल्या वावटळींची काळी माती आणि लूमच्या बाजूने उडणारे कापसाचे तंतू काचेवर बसतात, पहाटेच्या दवाने ते चिकटतात, आणि सहा आठवड्यांत सात-आठ डेसिबल कोणाच्या लक्षात न येता जातात. म्हणजे धुक्यासाठी राखलेली शिल्लक धुळीनेच खाल्लेली असते. उन्हाचा थेट मारा टाळण्यासाठी आम्ही पेटीवर पत्र्याचा छोटा छज्जाही करून घेतला, कारण सावलीतले ४३ अंश हे बंद धातूच्या पेटीत बरेच जास्त होतात आणि लेसर डायोडचे आयुष्य उष्णतेने घटते.

विक्रेता ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन देतो. वर्षाला ते पावणेनऊ तासांचे बंद राहणे होते, आणि विजेच्या झटक्यानंतरचे दिवस सोडले तर ते वचन पाळलेही जाते, असे मी म्हणेन. गूगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटच्या ‘टारा’ प्रकल्पाने २०२१ मध्ये काँगो नदीच्या दोन काठांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांमध्ये, सुमारे पाच किलोमीटर अंतरावर, प्रकाशाने दुवा जोडला तेव्हा २० दिवसांत ९९.९ टक्के उपलब्धता मिळाल्याचे जाहीर केले होते. तेव्हा हा आकडा पोकळ नाही. परंतु पावणेनऊ तास वर्षभर सारखे पसरलेले नसतात. आमच्याकडे ते जवळजवळ सगळे थंडीतल्या सकाळी सहा ते आठमध्ये येतात, आणि डाइंगची पाळी सात वाजता बदलते. नव्या पाळीला रंगांच्या कृती कार्यालयातल्या सर्व्हरवरून घ्यायच्या असतात. त्या अर्ध्या तासात लिंक नसेल, तर वर्षाच्या उरलेल्या ९९.९ टक्क्यांचे मला काय करायचे?

म्हणून सोबत ५ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ दुवा बसवणे आवश्यक ठरले. तो सेकंदाला दीडशे मेगाबिटच देतो आणि आसपासच्या गर्दीने कधी कधी त्याहूनही कमी, पण धुके त्याला दिसतही नाही. विक्रेत्याने तो ‘ऐच्छिक’ म्हणून दाखवला होता. यंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे आणि तो मूळ किमतीतच धरला पाहिजे. फक्त एक दक्षता घ्यावी. सुरुवातीला प्रकाश परत येताच वाहतूक लगेच लेसरवर जात असे, धुके हलले की पुन्हा रेडिओवर, आणि या धरसोडीत दोन्हींपेक्षा वाईट सेवा मिळत असे. प्रकाश सलग दोन मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय परत जायचे नाही, अशी मर्यादा घातल्यावर पॅकिंग विभागाला लिंक बदलल्याचे कळेनासे झाले.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन आणि विक्रेत्याच्या सेवेला दीड. विजेच्या झटक्यानंतर त्यांचा तंत्रज्ञ पुण्याहून नवव्या दिवशी आला, आणि १६ महिन्यांतल्या प्रत्येक नोंदीत कारण म्हणून हवामानच लिहिलेले आहे: हललेल्या खांबालाही, मळलेल्या काचेलाही. चिंचोळी एमआयडीसीत किंवा होटगी रस्त्यावर कोणी असे यंत्र घेणार असेल, तर अंतर सातशे मीटरच्या आत असावे, पाहणी डिसेंबरात पहाटे आणि एप्रिलमध्ये भर दुपारी अशी दोनदा करून घ्यावी, आणि मार्जिनचा आकडा लेखी मागावा. तो आकडा देण्यास जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नये.

वार्षिक देखभाल कराराचे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्यात काच पुसण्यासाठी तीन महिन्यांतून एक भेट धरली आहे. करार आम्ही नाकारला आहे. दर सोमवारी सकाळी वॉचमनमामा मऊ सुती कापडाने, आमच्याच कारखान्याच्या टॉवेलच्या तुकड्याने नव्हे, कारण त्याचे तंतू सुटतात, दोन्ही काचा पुसतात आणि पातळीचा आकडा वहीत लिहून ठेवतात.